उचललेला क्रूस आणि लादलेला क्रूस

मायबाप हो, उपवासकाळ चालू आहे. उत्तम शुक्रवार जवळ आला. या दिवसांत मंडळीत दुःखसहनाचं निरूपण होतं, तसं आजही करायचं आहे. विषय जुनाच आहे. प्रभू येशूने दुःख का सोसलं, त्याच्या बलिदानाने आपलं तारण कसं होतं, आणि आपल्या घरच्या दुःखाचा त्याच्या दुःखाशी संबंध काय. यातला तिसरा भाग मोठा अवघड आहे आणि त्यातच आपली लोकं चुकतात, म्हणून माझा भर त्यावर राहील.

शास्त्रवचन घेतलं आहे मार्काच्या शुभवर्तमानातलं, दहावा अध्याय, पंचेचाळिसावी ओवी. तिथे प्रभू सांगतो की आपण सेवा करून घ्यायला आलो नाही, सेवा करायला आलो आहोत आणि पुष्कळांसाठी आपला जीव द्यायला आलो आहोत. या ठिकाणी आपल्या मराठी शास्त्रात शब्द आहे ‘खंडणी’. आता खंडणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वर्तमानपत्रातली बातमी! कोण्या व्यापाऱ्याला धमकीचा फोन आला, कोणाचं पोरगं पळवलं. जुना अर्थ असा नाही. लढाईत धरलेला कैदी, बाजारात विकला गेलेला गुलाम, त्याला सोडवून आणायला जो मोल भरला जायचा, ती खंडणी. पोराला सोडवायला बाप शेत विकतो, बैलजोडी विकतो, आई पाटल्या काढून देते. प्रभू म्हणतो, मी माझा जीवच काढून देतो.

मग एखादी आजी विचारेल, ‘काहून गा बावा, खंडणी दिली ते समजलं, पण दिली कोणाला?’ आजीबाई, हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. पहिल्या शतकांपासून मोठमोठे आचार्य यावर भांडले आहेत. ओरिगेन नावाचे एक आचार्य होऊन गेले. ते म्हणत, माणूस सैतानाच्या ताब्यात होता, तेव्हा खंडणी सैतानाला. त्यावर चौथ्या शतकातले नाझियान्झसचे ग्रेगरी चिडले. चोराने चोरलेल्या मालाची किंमत देव चोराला देईल काय, असा त्यांचा मुद्दा. मग बापाला दिली म्हणावं, तर बापाने आम्हाला कुठे कैदेत टाकलं होतं? पुढे अकराव्या शतकात कँटरबरीचे आन्सेल्म आले. त्यांनी हिशोब देण्याघेण्याचा मांडला. माणसाने देवाचा मान बुडवला, ते देणं एवढं मोठं की माणसाच्याने फिटत नाही, आणि देणं तर माणसाचंच, म्हणून देवाने माणूस होऊन ते फेडलं. त्यांच्या मागून आबेलार्ड आले. ते म्हणाले, क्रुसावर देवाचं प्रेम उघडं पडतं आणि ते पाहून पाषाणासारखं मन फुटतं, हेच तारण.

यातलं कोणतं खरं? माझं मत विचाराल तर प्रत्येकाच्या हाताला एकेक कोपरा लागला. पण आपल्या भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. ‘तारण’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. बुडत्याला वर काढणं, तेही तारण. आणि सोसायटीचं कर्ज काढताना, सावकाराकडे जाताना, सातबारा नाहीतर डोरलं ठेवावं लागतं, तेही तारण. गहाण पडलेल्या माणसाच्या जागी ख्रिस्त स्वतः तारण राहिला, एवढं धानाच्या मुलखातल्या माणसाला समजलं तरी पुष्कळ समजलं. कर्जापायी जमीन गेली की माणसाला कसं होतं, हे आन्सेल्मपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

आता बलिदान. जुन्या करारात, लेवीयाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बोकड आणायचे. चिठ्ठ्या टाकायच्या. एक वेदीवर कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकाने दोन्ही हात ठेवायचे, सगळ्या लोकांची पापं त्याच्यावर घालायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. दरवर्षी हेच. इब्री लोकांस जे पत्र आहे, त्याचा लिहिणारा विचारतो की दरवर्षी पुन्हा करावं लागतं, म्हणजे ते पुरलं नाही, हे उघड नाही काय? आणि मग सांगतो की ख्रिस्ताने एकदाच अर्पण केलं, सर्वांसाठी केलं, आणि तेही दुसऱ्याचं रक्त घेऊन नव्हे, स्वतःचं देऊन.

‘एकदाच’ हा शब्द नीट धरून ठेवा. आपण तो स्तोत्रात म्हणतो आणि घरी जाऊन विसरतो. अर्पण एकदाच झालं असेल, पुरं झालं असेल, तर आता कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून दुसरा बोकड तयार करायची मुभा कोणालाच नाही. पण घराघरात काय होतं? धंदा बुडाला, सुनेच्या पायगुणाने. पोरगं नापास झालं, आईने लाडावलं. गावात ताप आला, गुरं पटापट मेली, की कोण्या एकट्या म्हातारीकडे बोट. बोकड ठरलेला! त्या काळी कयफा नावाचा महायाजक होता. सगळं राष्ट्र बुडण्यापेक्षा एक माणूस मेलेला परवडला, असा सल्ला त्याने दिला. हिशोब म्हणून बरोबर वाटतो की नाही? येशूला मारणाऱ्यांचा तो हिशोब होता. आपण येशूचे म्हणवतो आणि घर चालवतो कयफाच्या हिशोबाने.

[इथे मंडळींनी एक पद म्हटले.]

धानाची गोष्ट घेऊ. योहानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू दाण्याचा दृष्टान्त देतो. तिकडचा दाणा गव्हाचा, आपला धानाचा. दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. पऱ्हे टाकताना तुम्ही हे दरवर्षी बघता. कोठीतलं बियाणं चिखलात फेकता, आठ-दहा दिवसांत हिरवा गालिचा उभा राहतो, मग तेच पऱ्हे मुळासकट उपटायचे, जुडी बांधायची, दुसऱ्या बांधीत रोवायचे. उपटल्याशिवाय धान होत नाही.

या दृष्टान्तावर प्रवचनं भरपूर झाली. बायांना तो जास्तच सांगितला जातो. ‘सोस बाई, दाण्यासारखी मर, हा तुझा क्रूस आहे.’ नवरा दारू पिऊन मारतो, ती रडत वडीलमंडळींकडे येते, आणि तिला हे उत्तर मिळतं. मी आज या ठिकाणी उभा राहून सांगतो की हे ख्रिस्ताचं शिक्षण नाही. दाण्याचा दृष्टान्त प्रभूने सगळ्यांत आधी स्वतःविषयी सांगितला, मरणाची घटका जवळ आल्यावर. दुसऱ्याला गप्प बसवायला तो सांगितलेला नाही.

शास्त्र उघडून बघा. तान्ह्या येशूला मारायला हेरोद उठला, तेव्हा योसेफाला स्वप्नात काय आज्ञा झाली? बाळ आणि त्याची आई यांना घेऊन मिसरात पळून जा. पळून जा, हीच देवाची आज्ञा होती. नासरेथात लोकांनी त्याला डोंगराच्या कड्यावर नेलं, ढकलून द्यायला. तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात धोंडे उचलले, तेव्हा तो लपला आणि बाहेर पडला. गेथशेमाने बागेत त्याने बापाला विनवलं की जमत असेल तर हा प्याला माझ्यापासून दूर कर. महायाजकापुढे एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, तेव्हा तो मुकाट बसला नाही. माझं काही चुकलं असेल तर दाखव, नाहीतर मारलंस का, असं त्याने तोंडावर विचारलं. दुःखाची हौस असलेला माणूस असा वागत नाही. येशूला दुःख प्रिय नव्हतं, माणसं प्रिय होती. माणसांना सोडून पळायची वेळ आली, तेवढ्यावेळी मात्र तो पळाला नाही. आणि त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की माझा जीव कोणी माझ्याकडून हिसकावत नाही, मी होऊन देतो.

हे ‘मी होऊन’ ज्यात आहे, ते अर्पण. ज्यात नाही, ती वेठ.

मग आपला क्रूस उचलून माझ्यामागे ये, असं त्याने सांगितलं त्याचं काय? सांगितलं, खरं आहे. लूकने तर ‘दररोज’ असा शब्द घातला. पण वाक्याची सुरुवात बघा. ज्याला माझ्यामागे यायची इच्छा आहे, त्याने. आधी इच्छा, मग क्रूस. क्रूस आपला आपण उचलायचा असतो. शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवून, ‘घे, देवाने दिला’, असं म्हणायचं नसतं.

पण जगात सगळं असं स्वच्छ नसतं. क्रुसाच्या वाटेवर एक माणूस भेटतो. कुरेनेचा सिमोन. रानातून परत येत होता बिचारा. कुरेने म्हणजे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचं शहर, आताच्या लिबियात. त्याचा या खटल्याशी संबंध नाही. येशूच्याने क्रूस नेववेना म्हणून शिपायांनी याला धरला आणि त्याच्या खांद्यावर तो लाकडाचा भार ठेवला. बिगारीला धरला. त्याला कोणी इच्छा विचारली नाही. मालगुजारीच्या काळात आपल्याकडे धरत होते ना, तसा.

असे सिमोन आपल्यात किती आहेत! त्यांना काय सांगायचं? आख्यानाला इथून सुरुवात करतो.

तुम्ही गोरेगावहून गोंदियाला जाता, टेशनावर उभे राहता. नागपूरकडून गाडी येते, तुमसर, तिरोडा, गोंदिया, मग आमगाव, सालेकसा, डोंगरगड आणि राजनांदगाव. १८९३ साली याच मार्गाने एक ब्राह्मण कवी चालला होता. नाव नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. संस्कृताचा व्यासंग मोठा. नागपुरात काही दिवस काढले होते आणि आता नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. ते तेव्हा संस्थान होतं. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. गोरा साहेब हिडीसफिडीस करील असं वाटलं होतं, त्याने तर आदराने जागा दिली आणि संस्कृत काव्यावर बोलणं काढलं. बोलता बोलता धर्मावर गाडी आली. उतरण्याआधी त्याने नवा करार हातात ठेवला आणि वाचा म्हणाला. वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असंही सांगून गेला. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं, पण वाचायचा शब्द दिला होता. शब्दापुरतं वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, आणि पुस्तक खाली ठेवता येईना.

आपल्या दारावरून गेलेल्या गाडीत ही गोष्ट घडली, आणि आपल्या लेकरांना ती माहीत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी काय सोडलं याचं वर्णन नेहमी होतं. जात सुटली, गोत सुटलं, मान गेला. तुकोबांच्या अभंगांवरून चालत आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. ख्रिस्ताला त्यांनी सद्गुरू म्हटलं, योगी म्हटलं, माउली म्हटलं. शेवटी १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. हा सगळा उचललेला क्रूस. त्यांनी आपण होऊन घेतला.

पण त्यांच्या बायकोचं काय? लक्ष्मीबाई. माहेर नाशिकजवळचं जलालपूर. १८८० साली, पोरवयातच लग्न झालं. सोवळ्याओवळ्यात वाढलेली. पदरात लहानगा दत्तू. आणि एके दिवशी कळतं की नवरा बाटला. निर्णय नवऱ्याचा, घाव हिच्यावर. कपाळाला कुंकू आहे, धनी जिवंत आहे, आणि धन्याच्या घरी जायची वाट बंद! नातेवाईकांनी तिला पंढरपूरला नेऊन ठेवलं. दुःखाने तब्येत खालावली. चार वर्षांहून जास्त काळ नवरा-बायको वेगळे राहिले. टिळकांनी ख्रिस्तासाठी घर सोडलं असं आपण म्हणतो; बाईंनी कोणासाठी सोडलं? त्यांच्या हातून ते हिसकावलं गेलं. कुरेनेच्या सिमोनाला जसं धरलं, तसं.

मला टिळकांविषयी फार आदर आहे. पण भक्ताच्या भक्तीची किंमत कधीकधी घरातलं दुसरं माणूस भरतं, हे बोललंच पाहिजे. या मंडपात अशीही घरं असतील, जिथे एक जण मंडळीत आला आणि बाकीच्यांना सोयरिका तुटल्या, विहिरीवर बोलणी बसली. ज्याने पाऊल टाकलं त्याची साक्ष आपण कौतुकाने ऐकतो. बाकीच्यांना कोणी विचारत नाही.

आता लक्ष्मीबाईंचं पुढे काय झालं ते ऐका. त्या अहमदनगरकडे टिळकांजवळ परत आल्या, पण ख्रिस्ती म्हणून नाही. सोवळं सोडलं नाही, खाण्यापिण्याचे नियम सोडले नाहीत. आणि इथे टिळकांना मान द्यावा लागेल, की त्यांनी बायकोवर बाप्तिस्मा लादला नाही. घरात एक ख्रिस्ती, एक हिंदू, असं चाललं. मग एक दिवस बाईंच्या मनात विचार आला की माणूस देवाने केला, पण ही जात कोणी केली? देवाने केली असती तर पशूंत जसा फरक दिसतो तसा माणसांत दिसला नसता काय? विचार पटला, आणि ज्यांच्या हातचं पाणी विटाळ वाटत होतं, त्यांच्या हातचं त्या खाऊ-पिऊ लागल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो नवऱ्यामागून फरफटत जाऊन झाला नाही. त्यांनी स्वतः विचार केला, स्वतः पाऊल टाकलं.

मधल्या वर्षांचं दुःख देवाने तिला मुद्दाम दिलं, असं कोणी म्हणेल तर मी हात जोडतो आणि असहमत होतो. ते दुःख माणसांच्या जातीने, माणसांच्या भीतीने दिलं. देवाचं काम वेगळं होतं. त्या लादलेल्या लाकडाखाली चाललेल्या बाईला त्याने एकटं सोडलं नाही, आणि तिची इच्छा तिला परत मिळेपर्यंत वाट पाहिली. तारण म्हणतो ते मला इथे दिसतं. क्रुसावरचा येशू स्वतः विचारतो की देवा, तू मला का टाकलंस. ज्याने हा प्रश्न विचारला, तो ज्याला टाकून दिलंय त्याच्या शेजारी येऊन बसू शकतो. वरून उपदेश करणाऱ्याला ते जमत नाही.

सिमोनाविषयी मार्क एक बारीक गोष्ट लिहितो, ती राहू नये. तो म्हणतो, हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. अहो, वाटेवर धरलेल्या बिगाऱ्याच्या पोरांची नावं कोण लिहून ठेवतं? मार्काचं पुस्तक जे ऐकत होते, त्या मंडळीला ही पोरं ओळखीची असणार, असं जाणते लोक म्हणतात. म्हणजे बापाला जबरदस्तीने वाहायला लावलेलं लाकूड पोरांना वेगळं दिसलं असेल. कसं दिसलं, हे शास्त्र सांगत नाही, आणि मीही रचून सांगणार नाही.

एक काम मात्र आपल्याकडे आहे. सिमोन दिसला तर त्याला ‘तुझा क्रूस’ म्हणून शाबासकी द्यायची नाही. लाकडाचं दुसरं टोक धरायचं. मार खाणारी बाई दाराशी आली तर तिला आधी आत घ्या, भाकर द्या, पोलिसात जायचं म्हणाली तर सोबत चला. दाण्याचा दृष्टान्त तिला मग कधीतरी. एकट्या म्हातारीवर बोट उठलं तर तिच्या पडवीत जाऊन बसा, गावाला दिसेल असे बसा. हे करताना तुम्हाला जे सोसावं लागेल, लोकांचं बोलणं, नातेवाइकांचा राग, तो तुमचा उचललेला क्रूस. त्याला प्रभू ओळखतो.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं मोठं काव्य हाती घेतलं होतं, ओवीबद्ध, येशूचं सगळं चरित्र. दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. काव्य तसंच राहिलं. पुढचे साठाच्या वर अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेची पायरी न चढलेली बाई! ‘स्मृतिचित्रे’ही त्यांनीच लिहिली, १९३४ पासून भागाभागाने आली, घरात कोणी वाचणारं असेल तर जरूर आणा, हसाल आणि रडाल. १९३६ मध्ये त्या गेल्या. ‘ख्रिस्तायना’ची सुरुवात नवऱ्याने केली, क्रुसाकडे जाणारी वाट बायकोने लिहिली.

बरं, रात्र झाली. पहाटे तुम्हाला मोहफुलं वेचायला निघायचं आहे. उभे राहा, प्रार्थना करू, मग आरती.